वसुमतीचं यमक

बेंगळुरूच्या बसवनगुडीत एका अरुंद जिन्याच्या वरच्या टोकाला वसुमतीअक्कांचं घर आहे. दारात पुरुषाच्या चपलांचा एक जोड असतो. तपकिरी, रुंद पट्ट्याचा, डावी चप्पल टाचेकडे जरा जास्त झिजलेली. घरात मात्र पुरुष नाही. हयवदनराव जाऊन पाचेक वर्षं झाली. ते गेले त्याच महिन्यात खालच्या मजल्यावरच्या शारदम्मांनी सल्ला दिला होता, की बाई एकटी आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळता कामा नये, चपला दारातच राहू द्या. अक्कांनी राहू दिल्या. रोज सकाळी केर काढून झाला की त्या चपला उचलायच्या, फडक्यानं पुसायच्या आणि पुन्हा बोटं घराकडे करून ठेवायच्या, बाहेरून आलेला माणूस काढून ठेवतो तशा.

मुलगा आयर्लंडात. रविवारी फोन करतो, ‘जेवलीस का?’ विचारतो, आणि उत्तर यायच्या आत तिकडे नातवंड काहीतरी सांडतं. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, संसार म्हटलं की सांडलवंड आलीच. पण त्यामुळे होतं काय, की आठवडा आठवडा अक्कांच्या तोंडून मराठी शब्द निघत नाही. भाजीवाला, औषधवाला, शारदम्मा, सगळे कन्नड. अक्कांना कन्नड उत्तम येतं. घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपासून इकडचंच, दोन्ही भाषा एका चुलीवर शिजलेल्या. तरी मराठी ही त्यांच्या घरातली भाषा, आणि घरात आता दुसरं कुणी नाही.

धारवाडला मराठी घेऊन त्या बी.ए. झाल्या होत्या. लग्न होऊन बेंगळुरूला आल्या आणि पुढची सगळी वर्षं एका सरकारी कचेरीत कन्नड टपाल लावण्यात गेली. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, ओव्या आणि वृत्तं यांचा त्या कचेरीत काडीचाही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो चामराजपेटेतल्या मराठी मंडळात. तिथल्या बायकांना उखाणा लागला, की त्या अक्कांकडे यायच्या. लग्न असो, डोहाळजेवण असो, मंगळागौर असो, ‘अक्का, एक नाव घालून द्या की’ म्हणून सुरुवात व्हायची.

अक्का लगेच देत नसत. त्यांची एक अट होती. ‘तुझ्या नवऱ्याची एक गोष्ट सांग, जी फक्त तुला माहीत आहे. सोनंनाणं, चंद्रतारे काही नको. चांदीचं ताट म्हणालीस तर उठून जाईन. इतकी वर्षं ऐकतेय चांदीची ताटं, एकाही घरात मला कुणी त्यात वाढलेलं नाही.’

बायका गोंधळायच्या. रंजिता आली होती तेव्हा म्हणाली, पावसात ते स्वतः भिजतात आणि छत्री माझ्यावर धरतात. अक्का म्हणाल्या, हे सिनेमातलं, घरातलं सांग. पुष्कळ आठवून रंजितानं सांगितलं, की पहिला डोसा नेहमी फाटतो आणि तो फाटका डोसा योगीराज मागून घेतात. मग अक्कांचा चेहरा खुलला. कॉफी होईपर्यंत उखाणा तयार होता.

पहिला डोसा फाटतोच, तव्याला काय दोष?
तोच मागून खातात योगीराज, त्यातच त्यांना संतोष.

‘बघ,’ अक्का तिला म्हणाल्या होत्या, ‘दोष आणि संतोष, हे झालं यमक. ते कुणालाही जमतं. अवघड काय, तर वरच्या ओळीचं खालच्या ओळीशी नातं पाहिजे. नाहीतर वर भाजी आणि खाली नवरा, दोघांची ओळखदेख नाही!’

असे अर्ध्या मंडळाचे नवरे अक्कांना पाठ होते. कोण झोपेत कन्नड बोलतो, कोण बायकोचं औषध आधी स्वतः चाटून बघतो. ते नवरे मंडळात भेटले, की अक्कांना मनातल्या मनात हसू यायचं. अक्कांना मात्र त्यांच्या नवऱ्याची एक गोष्ट आजवर कुणी विचारली नव्हती. आधी विचारायची गरज नव्हती, आणि नंतर कुणाला धीर झाला नसावा. विधवेला ‘नाव घ्या’ म्हणायचं नाही, हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, तरी सगळ्यांना माहीत असतं. असल्या न लिहिलेल्या गोष्टी आपल्याकडे फार कडक पाळतात.

त्यात अक्कांची पिढी नवऱ्याला नावानं हाक मारणारी नव्हे. ‘अहो’वर सगळा संसार झाला. हयवदनरावांचं नाव त्यांच्या तोंडून निघायचं ते फक्त उखाण्यात. लग्नात, डोहाळजेवणात, मुलाच्या मुंजीत, मुलाच्या लग्नात. आणि मग ते गेले, तेव्हा काही महिने रोज घ्यावं लागलं. पेन्शनच्या खिडकीवर, बँकेत, गॅसच्या ऑफिसात. ‘हयवदन राव, माझे यजमान, वारले.’ इतक्यांदा नाव घेतलं, पण एकदाही त्याला यमक नव्हतं. ती कामं संपली आणि नाव घेणंही संपलं.

संध्याकाळी, स्वयंपाकघरात दिवा लावला की, अक्का बोलू लागायच्या. कुकरला म्हणायच्या, रागावू नको, बंद करते. फ्रिजला म्हणायच्या, कण्हतोस का, म्हातारी मी झालेय. एकदा असं बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या. याला पुस्तकात चेतनगुणोक्ती म्हणतात, निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं कल्पायचं. कॉलेजात त्यांनी त्याची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली होती. हा अलंकार ज्यानं पहिल्यांदा काढला, तो घरात एकटा राहत असणार, हे मात्र तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं.

हयवदनरावांसाठी काहीतरी रचावं असं त्यांच्या फार मनात होतं. ओवी करून पाहिली. पण ओवीला जात्याची घरघर लागते, आणि मिक्सर अर्ध्या मिनिटात चटणी करून गप्प होतो. विलापिका म्हणजे कुणी गेल्यावर लिहायची कविता, ती तर नावानंच इतकी मोठी की हयवदनराव ‘कुणासाठी ग हे? माझ्यासाठी?’ म्हणून घाबरले असते. सुनीत म्हणजे सॉनेट, त्याच्या चौदा ओळी त्यांना पुरून उरल्या असत्या. शेवटी राहिला उखाणा. दोन ओळींचा माणूस होता तो. पण उखाणा चारचौघांत म्हणायचा असतो, समोरून कुणीतरी ‘घ्या, घ्या’ म्हणायला लागतं. रिकाम्या खोलीत उखाणा होत नाही. अक्कांनी एकदा म्हणून पाहिला, आणि पुढे दोन दिवस त्यांना स्वतःचाच राग येत राहिला.

तसा काव्याशी हयवदनरावांचा काही संबंध नव्हता, असं अक्कांचं ठाम मत. लग्नात घास भरवायच्या वेळी त्यांना नाव घ्यायचा आग्रह झाला. पहिली ओळ म्हटली, दुसरीत अडकले, आणि बायकोला भरवायचा लाडू स्वतःच्याच तोंडात कोंबून मोकळे झाले. पंगत हसून लोळली. माणूस हुशार होता, कन्नड पेपरातलं शब्दकोडं कॉफी निवायच्या आत सोडवायचा. पण यमक म्हटलं, की दगड. अक्कांनी त्या दिवशीच मनाशी खूणगाठ बांधली, की या माणसाला कवितेचा कान नाही.

आश्लेषा आली ती एका शनिवारी. मूळची पुण्याची, कंपनीत नोकरी, आनेकलच्या बाजूला एका उंच इमारतीत राहणारी. नवरा प्रणीत हा चामराजपेटेतल्या भार्गवीचा मुलगा. भार्गवी म्हणजे मंडळाचा कारभार पदराला बांधून फिरणारी बाई. तिनं सुनेला सांगितलं होतं, डोहाळजेवण मंडळाच्या हॉलमध्ये करायचं, नाव घ्यावं लागेल, वसुमतीअक्कांकडे जाऊन ये. अक्कांविषयी आणखी काही सांगायचं तिला सुचलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

आश्लेषा धापा टाकत जिना चढली. दारात चपला बघून तिनं आपल्या सँडल त्यांच्या शेजारी काढल्या, आणि आत येऊन आवाज एकदम खाली आणला.

‘काका झोपलेत का? मी हळू बोलते.’

अक्कांच्या कपाळावर बारीक टिकली होती, गळ्यात साखळी होती, हातात बांगड्या होत्या. पुण्याच्या मुलीला त्यात वेगळं काही दिसण्यासारखं नव्हतं. अक्कांनी खरं सांगायला तोंड उघडलं. बेडरूमचं दार लोटलेलं होतं. त्या दाराकडे पाहून आवाज खाली आणणारं माणूस किती वर्षांनी या घरात आलं होतं.

‘हं,’ अक्का म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. त्या ‘हं’नं पुढचा सगळा घोटाळा केला.

आश्लेषानं फोनवर उतरवून आणलेले उखाणे दाखवले. पहिल्याच ओळीत चांदीचं ताट होतं. अक्कांनी फोन परत दिला आणि आपली अट सांगितली.

‘प्रणीत ना... नाइस आहे. सपोर्टिव्ह आहे खूप,’ आश्लेषा म्हणाली.

‘सपोर्टिव्ह तर भिंतसुद्धा असते.’

आश्लेषा हसली. मग विचारात पडली. ‘अगदी छोटं चालेल? मी घरून काम करते, मीटिंग्ज असतात. तर तो चटणी करताना मिक्सर उचलून बाल्कनीत नेतो. मला आवाज नको म्हणून. मी कधी बोलले नाही त्याला, पण मला दिसतं ते.’

‘अय्यो, एवढं घेऊन बसलीस आणि सपोर्टिव्ह काय सांगतेस!’ अक्का म्हणाल्या.

उखाणा पहिल्या दिवशीच झाला. पण आश्लेषा पुढच्या शनिवारीही आली. तिला सगळंच शिकायचं होतं. शाळेत इंग्रजी माध्यम, मराठी कशीबशी पार पाडलेली; आता म्हणे बाळाशी बोलायचं तर धड बोलावं. बस, मेट्रो, मग चालत, एवढं पोट सांभाळत ती यायची. अक्का तिला गरम फुलके आणि अलंकार दोन्ही वाढायच्या.

‘तुझं पोट कलिंगडासारखं. ही झाली उपमा. तुझं पोट जणू कलिंगडच. ही उत्प्रेक्षा. आणि पोटाचं कलिंगड सांभाळत जिना चढलीस, हे रूपक.’

‘आणि अतिशयोक्ती?’

‘पोट दारातून आत आलं, आणि दहा मिनिटांनी आश्लेषा आली.’

आश्लेषा इतकी हसली, की तिला उचकी लागली. ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, तर नळ हलता हलेना. गेल्या आठवड्यात प्लंबरनं नवं चाक बसवलं होतं, ते कडक होतं. अक्का तिथूनच म्हणाल्या, ‘स्वल्प जोर लाव! आमचे हे नळ इतके घट्ट लावतात, की मला उघडतच नाहीत. दर वेळेला हाक मारावी लागते.’

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ‘लावतात’ म्हटलं होतं. चुकून नव्हे. तोंडात साखर विरघळावी तसं ते वाक्य त्यांनी तोंडात ठेवलं होतं.

‘सो क्यूट,’ आश्लेषा आतून म्हणाली. ‘याचा उखाणा करा ना तुमच्यासाठी.’

त्यानंतर शनिवारचा दिवस वेगळाच झाला. त्या दिवशी घरात हयवदनराव असायचे. कधी ते फिरायला लालबागेत गेलेले असायचे, कधी बँकेत, कधी आत आडवे झालेले. आश्लेषा येताना दोघांसाठी म्हणून खाऊ आणायची. काकांना गोड चालतं का, असं विचारायची, आणि अक्का खरं उत्तर द्यायच्या, की चालत नाही, पण चोरून खातात. त्यांनी खोटं असं काही सांगितलं नाही. सगळं खरंच होतं, फक्त पाच वर्षं जुनं होतं. आश्लेषा जिना उतरून गेली की अक्का त्या खाऊच्या पुड्यासमोर बसायच्या आणि त्यांना स्वतःची लाज वाटायची. शनिवारी रात्रीचं घर आठवड्यातलं सगळ्यात रिकामं असायचं, कारण एक माणूस त्यातून दर आठवड्याला नव्यानं जायचा.

सांगून टाकायचं, असं त्या दर शुक्रवारी ठरवायच्या. आणि दर शनिवारी पोरगी आवाज खाली आणून विचारायची, ‘काका आहेत?’ साऱ्या जगात हयवदनराव जिवंत असलेलं एकच डोकं उरलं होतं. ते अक्कांना विझवता येईना.

डोहाळजेवण जवळ आलं. तिथे सगळं मंडळ असणार. कुणाच्याही तोंडून सहज निघालं, तर ती मुलगी आपल्याकडे कशी बघेल? खोटारडी म्हातारी म्हणेल, किंवा त्याहून वाईट, कीव करेल. पुन्हा शनिवारी जिन्यावर पावलं वाजायची नाहीत. अक्कांनी भार्गवीला फोन करून गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. अर्ध्या तासात आश्लेषाचा फोन.

‘अक्का, तुम्ही नाही आलात तर मी नावच घेणार नाही. आणि काकांना जेवायला पाठवा हं, प्रणीतसोबत बसतील.’

‘त्यांचं नको,’ अक्का कशाबशा म्हणाल्या. ‘मी येते. सरी? ठीक?’

हॉल फुलांनी भरला होता. गांधीबाजारातून आणलेल्या मोगऱ्यानं सगळ्यांची डोकी धुंद झाली होती. हिरव्या साडीत आश्लेषा झोपाळ्यावर बसली होती, भार्गवी कंबर कसून हिंडत होती. अक्का आपण होऊन भिंतीकडच्या खुर्च्यांवर जाऊन बसल्या. त्या खुर्च्या कुणी वेगळ्या ठेवलेल्या नसतात. ज्यांना ओटी भरायची नसते त्या आपोआप तिकडे सरकतात. शेजारी भागुबाई होत्या. अथणीकडच्या, ऐंशीच्या पुढच्या, कानानं अधू. मालक जाऊन जमाना झालेला.

ओट्या भरून झाल्या. ‘नाव घ्या, नाव घ्या’ सुरू झालं. आश्लेषानं घसा साफ केला.

मीटिंग माझी चालू, म्हणून मिक्सर नेला बाल्कनीत गुपचूप,
प्रणीतच्या हातच्या चटणीवर मी वाढते साजूक तूप!

हॉल हसण्यानं दणाणला. ‘मिक्सर’ कुणी पुन्हा पुन्हा म्हणत होतं, भार्गवीला मुलाच्या या पराक्रमाची बातमी नव्हती, ती पदर तोंडाला लावून उभी राहिली. जमून आलेल्या उखाण्यानंतर बायकांना चेव येतो. एकीमागून एक नावं झाली. आणि मग झोपाळ्यावरून आश्लेषानं हात उंचावला.

‘आता अक्का! अक्का, काकांचं नाव घ्या ना. तो नळाचा उखाणा! तुम्हाला माहितीये का, काका नळ इतके घट्ट लावतात ना, की अक्कांना उघडतच नाहीत.’

 बांगड्यासुद्धा वाजेनात. भार्गवी सुनेकडे धावली आणि तिच्या दंडाला धरून कानाशी काही सांगायला वाकली.

अक्कांनी ते पाहिलं. भार्गवी आता चार शब्दांत सांगून टाकेल. काका नाहीत ग. आणि तिच्या तोंडून तसं कळलं, तर हयवदनराव पेन्शनच्या खिडकीवर घेतलेल्या नावासारखे जातील, यमकाशिवाय. आणखी एकदा. ते अक्कांना सहन होणार नव्हतं.

त्या उभ्या राहिल्या.

‘भार्गवी, थांब. मला म्हटलंय तिनं. मी घेते.’

नळाचा उखाणा त्यांच्याजवळ तयार नव्हता. त्याची दुसरी ओळ कधी जमलीच नव्हती, कारण दुसऱ्या ओळीत नळ उघडायला कुणीतरी यावं लागतं. पण रोज सकाळी हातात फडकं घेऊन त्या जे करत होत्या, त्याला आज अचानक दोन ओळी मिळाल्या. आवाज कापत होता.

घालणारं नाही कुणी, तरी चपलांची पुसते धूळ,
हयवदनरावांचं नाव घेते, म्हणा म्हातारीचं खूळ.

कुणी ‘वा’ म्हटलं नाही. कुणी हसलं नाही. आश्लेषाचा हात झोपाळ्याच्या कडीवर तसाच राहिला, आणि तिच्या चेहऱ्यावर एकेक शनिवार उलटा फिरून जाताना अक्कांना दिसला. त्यांना वाटलं, आता बसावं, किंवा जावं.

तेवढ्यात भागुबाईंनी त्यांचा पदर ओढला.

‘काय म्हटलीस ग? आयकू नाही आलं मला. परत म्हण की. मोठ्यानं म्हण.’

अक्कांनी खाली पाहिलं. म्हातारीनं कानामागे हात धरला होता. खरंच ऐकू आलं नव्हतं. मग अक्कांनी पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज कापला नाही, हयवदनरावांचं नाव हॉलच्या पार मागे पानं वाढणाऱ्या माणसांपर्यंत गेलं. भागुबाईंनी मान डोलवली.

‘ब्येस आहे,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्याबी मालकांची टोपी आजून खुंटीवर हाय.’

मग भार्गवी ‘चला, पानं मांडलीत’ म्हणाली आणि सगळ्या जणी सुटल्यासारख्या उठल्या.  अक्कांना भाताबरोबर दोनदा आग्रह झाला, तो फार हळव्या आवाजात. कीव म्हणतात ती हीच. आश्लेषा समोरच्या ओळीत होती. तिनं वर पाहिलं नाही.

पान उचलल्यावर अक्का निरोप न घेता बाहेर आल्या. हॉलच्या पायरीवर चपलांचा ढीग होता. आपल्या शोधत वाकल्या, तेव्हा मागून जड पावलं आली. आश्लेषा खाली बसू शकत नव्हती, ती कठड्याला टेकून उभी राहिली. डोळे सुजले होते.

‘मी किती वेड्यासारखी बोलत होते अक्का. तुम्ही सांगितलं का नाही मला?’

‘तू आवाज खाली आणायचीस,’ अक्का म्हणाल्या. ‘ते झोपलेत म्हणून. मला तेवढं हवं होतं ग. चुकलंच माझं.’

 रस्त्यावरून बस गेली, तिचा धूर निवळेपर्यंत दोघी उभ्या राहिल्या. मग तिनं नाक पुसलं.

‘काकांची एक गोष्ट सांगा. जी फक्त तुम्हाला माहीत आहे.’

अक्का दचकल्या. आपलाच प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून कधी येईल, अशी आशा त्यांनी सोडून दिली होती. इतकी वर्षं त्यांनी जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते सांगायला त्यांना वेळ लागला.

‘लग्नात त्यांना माझं नाव घेता आलं नव्हतं. फजिती झाली होती. तर दुसऱ्या दिवसापासून, रोज सकाळी, दाढी करताना, आरशात बघून ते माझा उखाणा जुळवायचे. मी कॉफी करत असायचे, मला ऐकू यायचं. पहिली ओळ रोज नवी. कधी लोणच्यावर, कधी बसवर. आणि दुसरीत वसुमती आली, की अडकायचे. मग मला हाक, अग, जरा सांग, वसुमतीला यमक काय? मी चिडायचे. म्हणायचे, उद्या बघू. मरेपर्यंत चाललं हे. एकदाही जमलं नाही त्यांना. काव्यातलं काही कळायचंच नाही.’

आश्लेषाच्या कपाळाला आठी पडली. शनिवारचा अभ्यास तिला आठवत असावा.

‘पण अक्का,’ ती म्हणाली, ‘वसुमतीला तर किती सोपं आहे. मती. गती. किती. सोबती.’

अक्का चपलेत पाय घालत होत्या. पाय तसाच राहिला. कॉफी निवायच्या आत कोडं सोडवणारा तो माणूस, गालाला साबण लावून, आरशातून दाराकडे बघतोय. हाक मारतोय.

‘हो ग,’ त्या म्हणाल्या, आणि पायरीवर बसल्या. ‘जमलं असतं, तर दुसऱ्या दिवशी हाक कशी मारली असती?’